दापोडीची फुकट खेप

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला दापोडी ठाऊक असते ती खिडकीतून. खडकी मागे पडते, गाडी पुलावर आपला ठरावीक धडधडाट करते, खाली मुळेचे पाणी दिसते न दिसते, तोच पाटीवरची ‘दापोडी’ ही तीन अक्षरे येतात आणि जातात. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, आणि आपणही थांबत नाही. माझी निम्मी हयात या गाड्यांत गेली; परंतु दापोडीला काम काढून उतरण्याचा योग आला तो गेल्या पावसाळ्यात, आणि तोही एका शिक्क्यापायी.

माझी आत्या तिथे राहते. तिचे यजमान एस. टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. दापोडीची कार्यशाळा म्हणजे महाराष्ट्रभर धावणाऱ्या त्या लाल गाड्यांचे माहेर. १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. अहमदनगरहून पुण्याला आली, तेव्हापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जी गाडी गेली, तिच्यापैकी कितीतरी गाड्यांचे सांगाडे इथल्या माणसांनी ठोकून-जोडून उभे केले. आत्याच्या यजमानांची उभी हयात त्या पत्र्यांच्या आवाजात गेली. ते गेल्यावर तिच्या हाती आले ते १९९५ सालच्या योजनेतले निवृत्तिवेतन. सरकारने २०१४ साली या योजनेत महिना एक हजार रुपयांची किमान मर्यादा घातली, एवढे सांगितले म्हणजे या निवृत्तिवेतनाचा जीव केवढा असतो ते वाचकांच्या ध्यानात येईल.

तेवढेही यंदा अडले. कारण कागदोपत्री आमच्या आत्या दोन निघाल्या. नोकरीच्या कागदांत तिचे एक नाव, आधारपत्रावर दुसरे. मधल्या काळात कोणा कारकुनाच्या हातून एक काना जास्त पडला होता, आणि त्या एका कान्याने तिला तिच्या नवऱ्याची परकी केले. बँकेने सांगितले, या दोन्ही बाया एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून आणा. आता आत्याचा खुबा मोडलेला, घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला उद्वाहक नाही. बाईला खाली नेता येत नाही म्हटल्यावर नोटरीला वर आणणे प्राप्त झाले.

नोटरीला सरकारी मराठीत ‘लेखप्रमाणक’ म्हणतात. आपल्याकडे हा अमेरिकेसारखा कोणीही उपटसुंभ माणूस नसतो. सर्वसाधारणपणे दहा वर्षे, आणि स्त्रियांना व मागासवर्गीयांना सात वर्षे वकिली झाल्यावाचून हे पद मिळत नाही. पिंपरीच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंचा पत्ता मिळाला. शनिवारी सकाळी अकराची वेळ ठरली.

बाई अकराला पाच मिनिटे कमी असताना दारात हजर. पन्नाशीच्या, भिजलेली छत्री, खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात जाड नोंदवही, शाईची गादी, तिकिटे आणि तो शिक्का. संत तुकारामनगरहून मेट्रोने आल्या होत्या. तीन जिने चढून दम लागला होता. पाणी पिऊन त्यांनी आत्याची चौकशी केली, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “मूळ आधारपत्र द्या.”

मी खिसे चाचपले. आदल्या दिवशी झेरॉक्स काढायला म्हणून ते मीच पुण्याला नेले होते, आणि ते त्या क्षणी माझ्या घरी, टेबलावर, नव्या दिनदर्शिकेखाली निवांत पडलेले होते. झेरॉक्सच्या चार प्रती मात्र होत्या. बाई त्यांवर सही करायला तयार नव्हत्या, आणि ते बरोबरच होते. उद्या खोटी व्यक्ती निघाली तर पोलीस चौकीवर जायचे ते त्यांना.

“मग असं करू,” मी अगदी सहजपणे म्हणालो, “बुधवारी याल का?”

बाईंनी छोटी वही काढून बुधवार लिहून घेतला. आत्याच्या आग्रहावरून चहा घेतला, चिवडा घेतला आणि पिशवी उचलून खाली गेल्या. आपण पाहुणचारात काही उणे पडू दिले नाही, असे समाधान मला वाटत होते. तेवढ्यात शेजारचे काका, तेही कार्यशाळेतूनच निवृत्त झालेले फिटर, दारात उभे होते, ते म्हणाले, “त्यांची खेप फुकट गेली की हो.”

“हो ना. पण बुधवारी येतायत.”

“ते ठीक. पण आजचं काय?”

मला उत्तर सुचेना. काकांचे म्हणणे साधे होते. कार्यशाळेत गाडी उभी राहिली आणि सुटा भाग आला नाही, तर फिटरचा रोज कापत नसत. तो दोष भांडाराचा. मुक्कामी गाडी घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरला रात्रवस्तीचा भत्ता मिळतो. गावात रात्री एक उतारू चढला काय आणि पन्नास चढले काय. “बाईंना पगार कुठाय?” काका म्हणाले. “काम झालं तर पैसा. न्हाई झालं तर चिवडा.”

हा शेवटचा शब्द मला फार झोंबला.

डोके शांत करावे म्हणून मी नदीकडे निघालो. दापोडीत चालायचे म्हणजे शतके ओलांडत चालावे लागते, आणि तीही क्रमाने येत नाहीत. डोक्यावर मेट्रो, पिंपरी ते फुगेवाडी ती ६ मार्च २०२२ रोजी धावू लागली, आणि दापोडीचे स्थानक उघडले ते १ ऑगस्ट २०२३ रोजी, पुढचा टप्पा झाल्यावर. खाली जुना मुंबई रस्ता, त्याच्या कडेला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लांबच लांब भिंती, मधूनच एखादी चाळ, पापड वाळत घातलेले, बौद्ध महाविहाराकडे जाणारी पांढऱ्या साडीतल्या बायकांची रांग. आणि मग हॅरिसचा पूल. पलीकडे बोपोडी, म्हणजे पुणे महानगरपालिका. अलीकडे दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवड. पुलावर उभे राहिले की एक पाय एका करदात्याचा आणि दुसरा दुसऱ्याचा. पवना इथेच अंगाला येऊन मुळेला मिळते. पावसाळ्यात दोन्ही नद्या गढूळ असतात, त्यामुळे कोणती कोण हे बँकेच्या कारकुनालाही सांगता येणार नाही.

या गावाचा आणि पगाराचा संबंध जुना आहे. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी पद्धतीची कवायती पलटण उभी केली, तिचा अधिकारी कॅप्टन फोर्ड, आणि त्याची छावणी दापोडीला. पलटण पेशव्यांच्या पैशावर पोसलेली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली, तेव्हा हीच पलटण दापोडीहून निघाली आणि जाऊन इंग्रजांना मिळाली. पगार एकाचा आणि खेप दुसऱ्याची! इतिहासात अशा खेपेचा हिशेब कोणी मांडत नाही. पुढे फोर्डचा बंगला सरकारने घेतला आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम पावसाळ्यात इथे राहू लागला. १८२८च्या सुमारास त्याने इथे वनस्पतींची बाग लावली. गणेशखिंडीतला तो मोठा राजवाडा, म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत, १८६०-७०च्या दशकांत उभी राहीपर्यंत मुंबई इलाख्याचा लाटसाहेब पुण्यास आला की दापोडीकर होत असे.

त्या बागेचा प्रमुख पुढे अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर झाला. १८४७पासून त्याने बागेतल्या झाडांची चित्रे काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रे, पान न् पान, शीर न् शीर. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि २००२ साली त्यांवर हेन्री नोल्टी यांचे देखणे पुस्तकही निघाले. चित्रांना दापोडीचे नाव आहे, गिब्सनचे आहे. ज्याने ती काढली त्या इथल्या चित्रकाराचे नाव मात्र लिहून ठेवायचे राहिले. फूल उमलले नाही म्हणून परत गेलेल्या दिवसाचे त्याला काय मिळत असेल, हा प्रश्न मला त्या दिवसापूर्वी पडला नसता.

बुधवारी मी आधारपत्र छातीशी धरून, दहालाच आत्याकडे पोहोचलो. बाई अकराला आल्या. मूळ कागद पाहिले, आत्याला तिचे नाव विचारले, यजमानांचे विचारले, मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि समजला का म्हणून पुन्हा विचारले. आत्या म्हणाली, “अहो, मी एकच आहे, हे मला ठाऊक नाही का?” मग सही, नोंदवहीत पुन्हा सही, अंगठा, तिकीट, आणि शेवटी शिक्का. नियमाने पाच सेंटिमीटर व्यासाचा, साधा, गोल. त्यावर नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक. शिक्का मारायला एक क्षण लागला. त्याआधीची पंचवीस मिनिटे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून लोक म्हणतात, ‘शिक्का मारायचे एवढे पैसे?’

मी धीर करून शनिवारचा विषय काढला. बाई हसल्या. त्यांनी जे सांगितले ते मला नवीन होते. नोटरींचा कायदा १९५२चा आणि नियम १९५६चे. प्रत्येक कामाचा कमाल दर नियमात लिहून दिलेला आहे, तो कार्यालयाच्या आत आणि बाहेर फलकावर लावायचा, पैसे घेतले की पावती द्यायची. एवढेच नव्हे, बाहेर जावे लागले तर दर किलोमीटरमागे प्रवासभत्ता घेण्याची मुभाही त्याच नियमांत आहे. म्हणजे जाण्यायेण्याचा विचार कायद्याने केला. पण जाऊन काम झाले नाही तर काय, याबद्दल त्यात अक्षर नाही. आणि कामाचा दर वाढवून तो खड्डा भरून काढायचा म्हटले, तर ते नियमाबाहेरचे. “म्हणून बरेचजण काय करतात,” बाई म्हणाल्या, “सगळं मिळून एक ठोक रक्कम सांगतात. पावती देत नाहीत. ज्याचं काम झालं त्याच्याकडून न झालेल्याचेही पैसे वसूल होतात. मला ते पटत नाही. शनिवारी तुम्ही कागद विसरलात, त्याचे पैसे सोमवारच्या म्हातारबाबांनी का द्यायचे?”

त्यांची सर्वांत कडू आठवण चाकणची. दापोडीहून वीस-पंचवीस किलोमीटर. नाशिक रस्त्यावरची चाकणची कोंडी ज्याने पाहिली असेल त्याला त्या किलोमीटरांची खरी लांबी सांगायला नको. एका कारखान्याच्या साहेबांनी दुपारी चारची वेळ दिली. बाई वेळेवर फाटकात. पहारेकऱ्याने वहीत नाव लिहून घेतले, गळ्यात बिल्ला अडकवला, पाऊण तास बाकावर बसवले आणि मग आतून निरोप आला की साहेब बैठकीत आहेत, उद्या बघू. घरी पोचायला रात्रीचे आठ वाजले. उद्या कोणी बघितले नाही.

“तुम्ही पैसे मागितलेत?”

“कोणाकडे मागू? करार कुठे आहे? फोनवर ‘या’ म्हणाले, मी गेले.”

मग त्या जरा थांबून म्हणाल्या, “आणि एक खरं सांगू? मलाही कधीकधी जाता येत नाही. कोर्टात पुकारा लांबतो. समोरच्या माणसाने अर्धा दिवस रजा टाकलेली असते. त्याचे कोणी द्यायचे?” हा मुद्दा मी लिहून घेतला आहे; याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावर दुसरा प्रकार पाहिला. भाडेकरार. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने हा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि न नोंदवल्याचा दोष घरमालकाच्या माथी येतो. शहरात नोंदणी फी हजार रुपये, खेड्यात पाचशे, वर मुद्रांक शुल्क. पूर्वी त्यासाठी निबंधक कचेरीत दिवस मोडे; आता एक पोरगा पाठीला पिशवी लावून घरी येतो. लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठा घेण्याचे यंत्र. कामगार मंडळी पाळीवरून परतल्यावर, म्हणजे रात्री आठनंतर त्याचा दिवस सुरू होतो.

भाडेकरू भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा. त्याने अंगठा टेकवला. यंत्राला तो पटेना. पुसून टेकवला, तर्जनी टेकवली, मधले बोट टेकवले. वर्षानुवर्षे लोखंड हाताळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. दहा बोटे झाली तरी यंत्राचा नन्नाचा पाढा चालूच. शेवटी पोराने पिशवी आवरली आणि म्हणाला, “रविवारी हात तेल लावून मऊ करून ठेवा, दादा, पुन्हा बघू.” दोष कोणाचा? भाडेकरूचा म्हणावा तर त्याने कामच केले होते. मालकाचा नाही, पोराचा तर नाहीच. परंतु पोराला पैसे मिळतात ते पुऱ्या झालेल्या कराराचे. दलालाकडून त्याला पेट्रोलही सुटत नाही. मालक भाडेकरूकडे पाहू लागला, भाडेकरू आपल्या अंगठ्याकडे.

अमेरिकेत यालाच एक स्वतंत्र धंदा करून ठेवले आहे. घरकर्जाचे कागद घेऊन सह्या घ्यायला फिरणारे नोटरी तिकडे आहेत. कॅलिफोर्नियात एका सहीचा कमाल दर कायद्याने पंधरा डॉलर; जाण्यायेण्याचे वेगळे, आणि ते आधी बोलून ठरवायचे. परंतु काम देणारी कंपनी बहुधा सगळ्याचे मिळून ठोक पैसे सांगते. शंभर-शंभर पानांच्या दोन प्रती स्वतःच्या शाईने छापून, तासभर मोटार हाकून माणूस दाराशी जातो, आणि कर्जदार म्हणतो, आमचा विचार बदलला. मग छपाईचे तरी द्या, पेट्रोलचे तरी द्या, म्हणून पत्रव्यवहार सुरू. जे शहाणे झाले ते आधीच लिहून घेतात: दाराशी पोचल्यावर रद्द झाले तर इतके, निघण्यापूर्वी रद्द झाले तर इतके.

आपल्याकडे ही अक्कल नवी आहे असे मात्र समजू नये. चाकणवरून तसेच पुढे गेले की नारायणगाव लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी देतात. सुपारी दिली की तारीख बांधली गेली. घराचा सौदा असो की लग्नाचा बँड, आपण विसार देतो. समोरच्याने आपल्यासाठी दुसरे गिऱ्हाईक सोडले, याची ती कबुली असते. रिक्षाच्या मीटरला उभे राहण्याचेही आकडे पडतात. आणि खुद्द कोर्टात? १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साक्षीदाराला बोलावण्याआधी त्याच्या जाण्यायेण्याचा आणि एका दिवसाच्या हजेरीचा खर्च पक्षकाराला कोर्टात भरावा लागतो. त्याच वर्षीच्या नोंदणी कायद्याने आजारी माणसाच्या घरी निबंधकाने जावे अशी सोय केली, आणि घरी जाण्याची जादा फी फीच्या तक्त्यात वेगळी ठेवली. म्हणजे ज्या कोर्टाच्या आवाराजवळ वकीलबाई बसतात, त्याच्या भिंतीआड ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ मान्य आहे. ती भिंत ओलांडून रस्त्यावर आली नाही, इतकेच.

टपाल खात्याचेही उदाहरण घ्या. २०२०पासून पोस्टमन म्हाताऱ्यांच्या घरी येऊन हयातीचा दाखला करून देऊ लागला, दर सत्तर रुपये ठरला. सोय उत्तम. परंतु सत्तर रुपयांत ते भागते ते पोस्टमन त्या गल्लीत तसाही पत्रे घेऊन येणारच असतो म्हणून. वकीलबाई दापोडीला दुसऱ्या कशासाठी येणार? त्यांच्याकडून पोस्टमनच्या दराची अपेक्षा करणारी माणसे मी ऐकली आहेत. त्या शनिवारपर्यंत त्यांत मीही होतो.

असो. मी बुधवारी पाकीट काढले आणि दोन्ही दिवसांचे पूर्ण पैसे पुढे केले. बाईंनी मोजले आणि त्यातले निम्म्याहून अधिक परत दिले. कामाची फी एकदाच, कारण काम एकदाच झाले. प्रवासभत्ता दोनदा, कारण त्या दोनदा आल्या. त्यांनी पावतीवर तसेच लिहिले: ‘दापोडी, जाणे-येणे, खेपा २.’ माझ्या मते शनिवारच्या गेलेल्या सकाळचेही काही यायला हवे होते, नुसत्या भाड्याने ती सकाळ भरून निघत नाही. पण बाई म्हणाल्या, त्याला नियमात रकाना नाही, आणि रकाना नाही तिथे मी लिहीत नाही.

आत्या खाटेवरून हे सगळे ऐकत होती. तिला वाटले आपल्या पेन्शनीतून जाणार. “दोनदाचे माझ्यातून कापू नकोस रे,” ती म्हणाली, “पहिल्या खेपेचे तुझे.” मी म्हणालो, दोन्ही माझे. त्यावर तिने बाईंना शिल्लक चिवड्याची पुडी बांधून दिली. ती मात्र त्यांनी बिनपावतीची घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र, मूळ आधारपत्र, झेरॉक्सच्या चारही प्रती आणि आत्याचे दोन फोटो असा सगळा सरंजाम घेऊन मी दापोडीला उतरलो आणि बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलीने कागद उलटेपालटे केले, शिक्का निरखून पाहिला, मान डोलावली.

“अगदी बरोबर आहे, काका,” ती गोड हसून म्हणाली. “पण साहेब रजेवर आहेत. सोमवारी याल का?”